विश्वे एकत्र करा, पण समरसतेने नव्हे



गेल्या पावसाळ्यापासून आम्ही नऊ जण मिळून एक ऑनलाइन खेळ रचतो आहोत. खेळ सुपरहिरोंचा आहे. त्यात ग्राफिक्स नाहीत, पैसा नाही, कंपनी नाही. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये लिहून खेळायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, गेम मास्टरने प्रसंग मांडायचा, आपले पात्र काय करते ते ज्याचे त्याने लिहायचे आणि निकाल अडला की फासे टाकायचे. मूळ कल्पना अशी की, वेगवेगळ्या कॉमिक्सची विश्वे एकाच शहरात आणायची. तिथे सुपरमॅन असेल, स्पायडरमॅन असेल, राज कॉमिक्सचा डोगा असेल आणि आमच्या वस्त्यांतून उभी राहिलेली आमची स्वतःची पात्रेही असतील.

हे ऐकून चळवळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी आम्हाला बैठकीतच सुनावले, "अरे, ॲट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षे पडून आहेत, पोरांची शिष्यवृत्ती थकली आहे, आणि तुम्ही पँटवर चड्डी घालून उडणाऱ्या माणसांचे खेळ काय खेळता?"

काकांबद्दल आम्हाला आदर आहे आणि त्यांचा प्रश्नही रास्त आहे. खटले आम्ही सोडलेले नाहीत. आमच्यातले दोघे आजही तारखांना जातात. परंतु आमच्या वस्तीतला बारा वर्षांचा मुलगा रोज दोन-तीन तास ज्या विश्वात राहतो ते विश्व दुसऱ्याच कुणीतरी रचलेले आहे, याकडे चळवळीने डोळेझाक करावी काय? आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातल्या गणेशवंदनेला आणि कृष्णाच्या गवळणीला फाटा दिला आणि त्याच साच्यातून बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. साचा परका होता म्हणून त्यांनी तो टाकून दिला नाही आणि आहे तसा डोक्यावरही घेतला नाही. आम्ही त्याच वाटेने जायचा प्रयत्न करतो आहोत. जमेल की नाही, हा पुढचा भाग.

खेळ रचायला बसलो आणि पहिल्याच रात्री भांडण झाले. सर्वांत बलवान कोण? कॉमिक्सचे शौकीन जिथे जमतात तिथे हा वाद असतोच, आणि त्यातून पात्रांच्या उतरंडीचे तक्ते तयार होतात. आमच्यातल्या एका हौशी मित्राने रात्रभर जागून असाच पाच पायऱ्यांचा तक्ता केला. वर देवासारखी पात्रे आणि सर्वांत खाली साधी माणसे. तो पाहून नर्सिंगला शिकणारी आमची एक ताई म्हणाली, "दादा, हे तर चार वर्ण आणि पाचवा गावकुसाबाहेरचा." आम्ही हसलो आणि मग गप्प झालो.

कारण ती विनोद करत नव्हती. या पात्रांचे सामर्थ्य येते कुठून, ते एकदा नीट पाहा. सुपरमॅनचे सामर्थ्य त्याच्या जन्मात आहे. थॉर देव आहे आणि वर राजपुत्रही. बॅटमॅनकडे अंगभूत शक्ती नाही, पण बापाची अफाट इस्टेट आहे. एक्स-मेन जन्मतःच वेगळे. म्हणजे जन्म, कूळ आणि वारसा! २००४ साली आलेल्या 'सिटी ऑफ हिरोज' या गाजलेल्या ऑनलाइन खेळात पात्र घडवताना त्याच्या शक्तीचा उगम निवडावा लागे आणि त्यासाठी पाच पर्याय होते: नैसर्गिक, जादू, उत्परिवर्तन, विज्ञान आणि तंत्रज्ञान. माणसे एकत्र आली आणि त्यातून सामर्थ्य निर्माण झाले, हा पर्याय त्या यादीत नव्हता. आमच्या खेळात आम्ही तो सहावा पर्याय म्हणून घातला आहे. त्याचे नाव 'संघटन'.

उतरंडीवर उपाय मात्र आम्हाला एका जुन्या खेळातच मिळाला. १९८१ साली अमेरिकेत 'चॅम्पियन्स' नावाचा सुपरहिरोंचा खेळ निघाला, कागद-पेन्सिल घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. त्यात पात्र गुणांनी विकत घ्यावे लागते. प्रत्येक खेळाडूला सारखेच गुण मिळतात. उडायचे तर इतके गुण, भिंत फोडायची तर तितके. आम्ही हेच घेतले आणि प्रत्येकाला १०० गुण दिले. उडण्याला गुण लागतात तसेच कायदा जाणण्याला, दहा भाषा बोलण्याला आणि मोहल्ल्याचा विश्वास असण्यालाही लागतात. एकाने चिडून विचारले, "१०० गुणांत बसणारा सुपरमॅन, मग तो सुपरमॅन कसला?" आम्ही म्हटले, बाबा, एक माणूस एक मूल्य. तुला तो हवा असेल तर तो १०० गुणांचाच मिळेल.

गंमत म्हणजे याच 'चॅम्पियन्स'वरून २००९ साली ऑनलाइन खेळ निघाला आणि पुढे तो फुकट झाला. तेव्हा फुकट खेळणाऱ्यांच्या वाट्याला ठरावीक साच्यातली पात्रे आली, आणि मनाप्रमाणे शक्ती निवडण्याची मुभा पैसे भरणाऱ्यांना मिळाली. साचा कुणाला आणि मुभा कुणाला, हे तिथेही पैशानेच ठरले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वेगवेगळी विश्वे एकत्र करायची म्हणजे नेमके काय करायचे?

हे याआधी झालेले आहे. १९९६ साली मार्व्हल आणि डीसी या दोन बलाढ्य कंपन्यांनी आपापली पात्रे एकमेकांसमोर उभी केली. काही लढतींचा निकाल वाचकांच्या मतांनी लागला. त्यात वाचकांनी वंडर वूमनच्या विरोधात स्टॉर्मला जिंकवले. एका काळ्या स्त्रीला हजारो वाचकांनी मत दिले, याची आम्हाला उगाच नोंद घ्यावीशी वाटते. त्यानंतर दोन्ही विश्वांचे मिश्रण करून 'अमाल्गम' नावाने काही अंक निघाले. बॅटमॅन आणि वूल्व्हरिन मिळून डार्क क्लॉ, सुपरमॅन आणि कॅप्टन अमेरिका मिळून सुपर-सोल्जर. दोन्ही कंपन्या तुल्यबळ होत्या, दोघींच्या हातात वकील होते, त्यामुळे मिश्रण होऊनही कुणाचे काही गेले नाही. खेळ संपला आणि दोघी आपापल्या घरी गेल्या.

पण दोघांपैकी एक दुबळा असेल तर काय होते? त्यासाठी माइलस्टोनचे उदाहरण बघावे लागेल आणि ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे, असे आमचे मत आहे. १९९३ साली ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन आणि त्यांच्या काळ्या सहकाऱ्यांनी माइलस्टोन मीडिया ही स्वतःची कॉमिक्स कंपनी काढली. छपाई आणि वितरण डीसीचे, पण पात्रांची मालकी माइलस्टोनची. डकोटा नावाचे काल्पनिक शहर त्यांनी उभे केले. त्यातला 'आयकॉन' हा नायक बघा. परग्रहावरून आलेले अर्भक पृथ्वीवर पडते, ही सुपरमॅनचीच गोष्ट. पण सुपरमॅन कॅन्सासच्या गोऱ्या शेतकऱ्याला सापडला. आयकॉन १८३९ साली अमेरिकेच्या दक्षिणेत एका गुलाम स्त्रीला सापडतो. एवढा एकच बदल, आणि सगळी गोष्ट उलटीपालटी होते! पुढे दीडशे वर्षे जगून तो मोठा वकील होतो, बंगल्यात राहतो आणि आपल्या लोकांपासून तुटतो. मग गरीब वस्तीतली रॅकेल नावाची एक मुलगी त्याला जाब विचारते, एवढी शक्ती असून तू आमच्यासाठी काय करतोस? १९५६ साली आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, ती ज्याला ठाऊक आहे त्याला रॅकेल परकी वाटणार नाही. आम्हाला तर ती सख्खी बहीण वाटली.

या डकोटाचे काय झाले? १९९४ साली डीसीच्या सुपरमॅनशी त्यांची एक संयुक्त कथा झाली, दोन वेगळी विश्वे एकमेकांवर आदळली आणि पुन्हा वेगळी झाली. तोपर्यंत ठीक होते. पुढे माइलस्टोनचे अंक बंद पडले, आणि २००८ च्या सुमारास डीसीने आपल्या कथेत असे दाखवले की डकोटाचे विश्व डीसीच्या विश्वात विलीन झाले. नवा इतिहास असा झाला की, डकोटा पहिल्यापासून इथलेच एक शहर होते. ज्या शहरात काळी माणसे केंद्रस्थानी होती ते शहर सुपरमॅन-बॅटमॅनच्या भल्यामोठ्या नकाशावरचा एक ठिपका झाले. स्टॅटिक हा तिथला तरुण नायक दुसऱ्यांच्या संघात एक सदस्य म्हणून जाऊन बसला. त्याचा कुणी अपमान केला नाही, त्याला जागाही दिली. फक्त त्याचे स्वतःचे विश्व उरले नाही.

मित्रहो, याला आपल्याकडे काय म्हणतात? समरसता म्हणतात!

सगळे आपलेच, सगळे एकच, या, आमच्यात मिसळा. मिसळल्यावर उतरंड तीच राहते आणि आपला वेगळा इतिहास तेवढा पुसला जातो. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार केले तेव्हा हेच झाले. ज्याने वेदप्रामाण्य नाकारले त्यालाच दशावतारांच्या रांगेत उभे केले, म्हणजे त्याच्याशी वाद घालण्याची गरजच उरली नाही. म्हणून बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी चौथी आणि पाचवी या अवताराच्या कल्पनेवरच आहेत. कॉमिक्सवाले जुनी गोष्ट मागे जाऊन बदलतात, त्याला 'रेटकॉन' म्हणतात. बुद्धाचा अवतार करणे हा या देशातला सर्वांत मोठा रेटकॉन होय. आणि त्याला उलटा रेटकॉन कुणी दिला? महात्मा फुल्यांनी. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी एकेक अवतार घेतला आणि ही देवाची लीला नसून इथल्या रहिवाशांवरच्या आक्रमणाची हकिकत आहे, असे धोंडिबाला समजावून सांगितले. वामन खलनायक झाला आणि बळीराजा नायक. हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केले होते. तेव्हा काळ्या कॉमिक्सकारांचे उदाहरण आम्ही कुठून ओढून आणतो, असे कुणी विचारू नये. ते नाते फुल्यांनीच जोडलेले आहे.

यातून आमच्या खेळाचा पहिला नियम ठरला. कोणतेही विश्व दुसऱ्या विश्वाचा भाग होणार नाही. शहर सामाईक, पण प्रत्येक पात्राचा इतिहास त्याच्या लेखकाचा. तो बदलायचा अधिकार गेम मास्टरलाही नाही. आणि दुसरा नियम बाहेर पडण्याचा. कोणीही खेळाडू आपले पात्र, आपली वस्ती, आपला सगळा मजकूर घेऊन केव्हाही निघून जाऊ शकतो आणि उरलेल्यांनी त्याच्याशिवाय गोष्ट पुढे न्यायची. १९३५ ची येवल्याची घोषणा हा दरवाजा उघडण्याचाच निर्धार होता. समरसतेच्या घरात आत यायला शंभर दरवाजे असतात आणि बाहेर पडायला एकही नसतो.

ओघात आणखी एक. ऑनलाइन खेळांत खेळाडूच्या पात्राला 'अवतार' म्हणतात. जगभर म्हणतात, १९८० च्या दशकापासून म्हणतात. आम्ही मात्र 'पात्र' म्हणतो. काहींना हा अतिरेक वाटतो. वाटू द्या. 'कल्की'च्या नावाने सुपरहिरोंचे सिनेविश्व उभारले जात असताना शब्दांबाबत ढिले राहणे आम्हाला परवडणारे नाही.

सर्वांत कडू वाद पुढेच आहे. आमच्यातला सर्वांत लहान, सतरा वर्षांचा, त्याने एक पात्र लिहून आणले. निळा कोट, डोळ्यांवर चष्मा, हातातल्या ग्रंथातून निघणारे किरण आणि एका बोटाच्या इशाऱ्याने कोसळणाऱ्या भिंती. नाव 'भीम'. मनापासून लिहिले होते, रात्री जागून चित्रही काढले होते. निम्म्या ग्रुपने टाळ्या वाजवल्या. निम्म्यांनी विरोध केला, आणि दोन आठवडे खेळ बंद राहिला.

टाळ्या वाजवणाऱ्यांचे म्हणणे असे की, त्यांचे देव उडतात, डोंगर उचलतात, त्यांच्यावर शेकडो कोटींचे सिनेमे निघतात. मग आपल्या मुलांना आपला नायक तेवढाच भव्य का दिसू नये? हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु आम्ही अखेर नकार दिला, आणि तो का दिला हे सांगितले पाहिजे. १९४३ साली पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध बजावले. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हे त्यांचे म्हणणे आपण जयंतीच्या फलकांवर लिहितो आणि नंतर विसरतो. पण त्याहून मोठे कारण आमच्या त्या ताईने सांगितले. ती त्या मुलाला म्हणाली, "अरे, बाबासाहेबांच्या बोटातून किरण निघत असते, तर त्यांना कोलंबियात आणि लंडनला जाऊन एवढे शिकायची गरजच काय होती? तू त्यांना शक्ती दिलीस आणि त्यांचे कष्ट काढून घेतलेस."

मुलगा रुसला. चार दिवस ग्रुपवर आला नाही. मग आम्ही त्यालाच काम दिले की, महाडचा प्रसंग खेळ म्हणून तू रच. आणि त्याने जे रचले ते आमच्या सगळ्या खेळातले सर्वोत्तम आहे. त्याच्या प्रसंगात तळ्यावर कोणतीही महाशक्ती चालत नाही. उडणारा उडत जाऊन पाणी पिऊ शकतो, पण त्याने काहीच बदलत नाही, कारण प्रश्न एकाच्या तहानेचा नव्हताच. गुण मिळतात ते माणसे जमवण्याचे, गावोगाव निरोप पोचवण्याचे, जेवणाची सोय करण्याचे, मोर्चात शिस्त राखण्याचे. २० मार्च १९२७ ला हजारो माणसे तळ्यावर जातात, पाणी पितात. मग हल्ला होतो, तळ्याचे 'शुद्धीकरण' होते, आणि खेळाडूला वाटते की आता शेवटची लढाई. पण पुढचा टप्पा दिवाणी दावा! तो उच्च न्यायालयातून आपल्या बाजूने संपायला १९३७ साल उजाडते. म्हणून त्याने नियम केला की, एका बैठकीत एकच वर्ष पुढे सरकायचे. कंटाळून दोघांनी खेळ सोडला. मुलगा म्हणाला, "सोडणारे तेव्हाही होतेच की." त्याच्या प्रसंगात बाबासाहेब आहेत, त्यांचे निरोप येतात, पत्रके येतात, पण ते कुणाला खेळता येत नाहीत.

गुप्त ओळखीबद्दलही बोलले पाहिजे. क्लार्क केंट चष्मा लावतो आणि सुपरमॅन लपतो. 'चॅम्पियन्स'च्या नियमांत अशी गुप्त ओळख ही पात्राची अडचण मानली जाते आणि ती घेतल्याबद्दल जास्तीचे गुण मिळतात. आमच्यातल्या एकाने सुचवले की, 'लपवलेले आडनाव' हीसुद्धा अशीच अडचण ठेवू, २० गुण देऊ. ग्रुपवर शांतता पसरली. आमच्यातल्या तिघांनी भाड्याची खोली मिळवताना, होस्टेलवर, पहिल्या नोकरीत आडनाव गिळलेले आहे. त्यातल्या एकाने लिहिले, "मला त्याचे कधी २० गुण मिळाले नव्हते." सूचना तिथेच मागे घेतली गेली. आता आमच्या खेळात आडनाव लपवल्याचे गुण नाहीत, ते उघड सांगण्याचीही सक्ती नाही. लपवले तर का लपवले, असे कोणत्याही पात्राला विचारायचे नाही, एवढाच नियम आहे.

राहिला मालकीचा प्रश्न, तो थोडक्यात. सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे ज्यू स्थलांतरितांचे मुलगे. १९३८ साली १३० डॉलरला त्यांनी त्याचे हक्क विकले आणि पुढचे आयुष्य न्याय मागण्यात गेले. २००४ साली मार्व्हलने 'सिटी ऑफ हिरोज'च्या कंपन्यांवर दावा लावला की, तुमच्या खेळात खेळाडू आमच्या हल्क आणि वूल्व्हरिनसारखी पात्रे बनवतात. त्यातली काही पुराव्याची पात्रे तर मार्व्हलच्याच लोकांनी खेळात शिरून बनवली होती, हे उघड झाले! २००५ च्या अखेरीस तडजोड झाली. आणि २०१२ साली कंपनीने तो खेळच बंद केला. हजारो खेळाडूंनी आठ वर्षे जपलेली पात्रे एका रात्रीत गेली. पुढे चाहत्यांनीच तो पुन्हा चालवला आणि २०२४ साली त्यांना रीतसर परवानगी मिळाली, पण मधली वर्षे हातात काही नव्हते. म्हणून आमच्या नियमपुस्तकात सुपरमॅन-स्पायडरमॅनची नावे नाहीत. खेळताना कुणी त्यांना पाहुणे म्हणून आणले तर आणो. पुस्तकात आमचीच पात्रे असतील आणि त्याची प्रत प्रत्येकाकडे असेल. गेम मास्टर दर महिन्याला बदलतो. त्याचा निर्णय दोन तृतीयांश मतांनी फिरवता येतो.

एका गोष्टीवर आमचे अजून एकमत झालेले नाही. डोगा. मुंबईचा, कचराकुंडीत सापडलेला, ज्याचे कूळ कुणाला ठाऊक नाही असा हा नायक आमच्यातल्या अनेकांना जवळचा वाटतो. पण तो कोर्टात जात नाही, गोळी घालतो. एन्काउंटरवर टाळ्या वाजवणाऱ्या या देशात, जिथे कोठडीत कोण मरते हे आपल्याला चांगले माहीत आहे, संविधान मानणाऱ्यांच्या खेळात डोगाला जागा द्यावी काय? एका बाजूने पाच मते आहेत, दुसऱ्या बाजूने चार. येत्या रविवारी चर्चा आहे. काका स्वतःहून येतो म्हणाले आहेत, डोगाच्या विरोधात बोलणार आहेत. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले की, १०० गुणांत वकील बसतो का, आणि फासे घरून आणायचे की तिथे मिळतील.

जय भीम.